घड्याळ माझ्याकडे होतं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला माझा विषय मराठी. तेव्हा मोटारसायकलींवर मी काय बोलणार, असं तुम्हांला वाटेल. पण आमच्या थोरल्या भावाचं, भाईंचं, मालवणहून आचऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर फाट्याला गॅरेज होतं आणि त्या गॅरेजची हिशेबाची वही कित्येक वर्षं मी लिहीत होतो. कॉलेजात मला कवितेचं वृत्त शिकवलं, गॅरेजात मला इंजिनाचा ठोका कळला. दोन्हीकडे कान लागतो, एवढंच साम्य.

आज सांगायचं आहे ते दोन गाड्यांविषयी. एक सीबीझी आणि दुसरी पल्सर. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना ही नावं नुसती ऐकूनही आपलं तरुणपण आठवेल. त्याच्या आधी आमच्याकडे गाडी म्हणजे शंभर सीसीची, लिटरला किती देते एवढंच विचारून घ्यायची. वेगाची हौस असलेला एखादा यामाहा आरएक्स १०० घ्यायचा आणि तिच्या आवाजावरून गाव त्याला ओळखायचं. पण ती दोन स्ट्रोकची गाडी. चार स्ट्रोकची आणि तरीही पळणारी गाडी हीरो होंडाने १९९९ साली आणली, ती सीबीझी. १५६.८ सीसीचं इंजिन, १२.८ अश्वशक्ती, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक. मग नोव्हेंबर २००१मध्ये बजाजने पल्सर आणली. दीडशे सीसीची १२ अश्वशक्तीची आणि एकशेऐंशीची १५ अश्वशक्तीची. ती पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात तयार होत असे. ज्या कंपनीची चेतक स्कूटर लग्नात हुंड्याच्या यादीत असायची, तिनेच ही दांडगी गाडी काढली, याचं लोकांना केवढं नवल वाटलं होतं!

आमच्या वाडीत पहिली सीबीझी आली ती माझ्या भाच्याची. आमच्या आपाचा, म्हणजे मोठ्या बहिणीचा, हा एकुलता मुलगा. मेहुणे कुवेतला होते, तिकडचे पैसे आले आणि २००० साली पोरगा गाडीवर बसला. दोन वर्षं त्याच्या तोडीची गाडी आसपास नव्हती. मग २००२च्या हंगामात शेजारच्या रापणकराच्या मुलाने पल्सर १८० घेतली आणि भाच्याचं राज्य गेलं. दोघं लहानपणापासूनचे जिवलग मित्र. ईदचा शिरखुर्मा याने तिकडे न्यायचा, गणपतीतले मोदक त्याने इकडे आणायचे. पण गाडीचा विषय निघाला की दोघं जन्माचे वैरी.

रोज संध्याकाळी गॅरेजच्या बाकावर हा खटला चालायचा. सीबीझीचा वकील म्हणायचा, "माझी उडी बघ, पाच सेकंदांत साठावर जाते." पल्सरचा वकील म्हणायचा, "तुझी साडेबारा, माझी पंधरा. शिवाय माझी बटणावर सुरू होते, तू लाथा मारीत बस." हे खरंच होतं. त्या वेळच्या सीबीझीला फक्त किक होती, पल्सर १८०ला बटण होतं. भाई इंजिन उघडून बसलेले असायचे. ते मान वर न करता एवढंच म्हणायचे, "तुज्या गाडयेचो पंप किती, तां रस्त्याक काय ठावक?"

आता ही अश्वशक्तीची भानगड मला भाईंनी जशी समजावली, तशी तुम्हांला सांगतो. कंपनी जो आकडा छापते, तो इंजिन मिनिटाला आठ हजार फेरे घेत असतानाचा असतो. त्या फेऱ्यांवर गाडी किंचाळत असते. मालवणच्या बाजारपेठेतून, आचऱ्याच्या वळणांवरून, पाठीमागे बायको आणि पुढे टाकीवर पोर घेऊन कोणी आठ हजारांवर गाडी चालवत नाही. म्हणजे ज्या आकड्यावरून भांडण, तो आकडा आपण वर्षातून दोनदा वापरतो. दुसरी गोष्ट वाऱ्याची. वेग वाढला की वारा छातीवर नुसता जोराने येत नाही, फार जोराने येतो. ऐंशीवरून शंभरावर जायचं, तर नुसत्या वाऱ्याशी झुंजायला जवळजवळ दुप्पट ताकद लागते. त्यामुळे १२.८ आणि १५ यांत सतरा टक्क्यांचा फरक दिसतो खरा, पण शेवटच्या वेगात तो पाचेक टक्के उरतो. शंभराला एकशेपाच. भाई म्हणायचे, एवढा फरक तर अंगातल्या शर्टाने पडतो. बटणं लावलेला शर्ट आणि वाऱ्यावर सोडलेला शर्ट.

आणि घाट? सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढा. जुन्या काळी वेंगुर्ले बंदरातला माल याच वाटेने बेळगावला जायचा. पावसाळ्यात तिथे ढग रस्त्यावर बसलेला असतो. दोन माणसं आणि थोडं सामान घेतलेली मोटारसायकल तीस-चाळीसच्या वेगाने घाट चढते तेव्हा चढणीसाठी तिला फार तर तीन अश्वशक्ती लागते. बाकीची नऊ किंवा बारा अश्वशक्ती तुम्ही ट्रकच्या मागे धूर खात, नुसती बाळगून असता. आमचे हे दोन वीर एकदा सामान आणायला बेळगावला गेले. गेले बरोबर, आले बरोबर. घाटात कोण पुढे होतं, असं विचारलं तर दोघं एकदमच म्हणाले, "ट्रक."

पण तरुण रक्ताला हे गणित पुरत नाही. फेब्रुवारी २००३मध्ये शर्यत ठरली. मुंबई-गोवा महामार्गावर, पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत. आज त्या रस्त्याला ६६ नंबर आहे आणि आमच्या जिल्ह्यात तो बहुतेक ठिकाणी चौपदरी झाला आहे. तेव्हा तो १७ नंबरचा, दुपदरी, दोन्ही बाजूंना आकेशियाची झाडं आणि मध्ये कुठेही उगवणारी वस्ती. घड्याळ धरायला एक निःपक्षपाती माणूस हवा होता. "मामानू, तुमी फकत घड्याळ बगा," भाचा म्हणाला.

आणि मी गेलो.

हे सांगताना आजही मला बरं वाटत नाही. मी तेव्हा तिशी ओलांडलेला, मुलाबाळांचा माणूस. घरात फजरच्या नमाजला जातो असं सांगून निघालो आणि मशिदीच्या दारावरून पुढे हमरस्त्यावर गेलो. एवढंच नाही, तर शर्यतीसाठी मी एक विनोदी पोवाडासुद्धा लिहिला होता. बाकावरच्या पोरांनी तो पाठ केला होता. आग लावण्यात माझाही हात होता, तो असा. मनगटावर वडिलांचं किल्लीचं एचएमटी घड्याळ होतं.

पहिल्या फेरीत पल्सर पुढे आली. माझ्या सेकंदकाट्यावर दोघांत चार सेकंदांचं अंतर होतं. भाचा खवळला. म्हणाला, ही गाडीची जीत, माणसाची नाही. मग शेजाऱ्याने गाड्या बदलायचं सुचवलं. दुसऱ्या फेरीत तो सीबीझीवर आणि भाचा पल्सरवर. तुम्हांला काय वाटतं, काय झालं असेल? पुन्हा शेजारीच पुढे आला. गाडी बदलली, जिंकणारा बदलला नाही. तो अंगाने हडकुळा, होडीत वाढलेला. वाऱ्याला कुठे अंग द्यायचं आणि कुठे चोरायचं, हे त्याला शिकवावं लागलं नव्हतं. टाकीवर पालथा पडून यायचा. भाचा खात्यापित्या घरचा, ताठ बसणारा. दोन गाड्यांची तुलना करायला आम्ही गेलो होतो आणि तुलना झाली ती दोन अंगकाठ्यांची.

पण मला जे सांगायचं आहे ते त्यानंतरचं. दुसऱ्या फेरीत शेवटचं वळण पार करून दोघं माझ्या दिशेने आले, तेव्हा एक मासळीवाली डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडत होती. पहिली एसटी पकडायची घाई असावी. मी तिला बघत होतो, पण माझं लक्ष काट्याकडे. ओरडायचं सुचलंच नाही. पहिली गाडी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली. दुसऱ्या गाडीवर भाचा. त्याने ब्रेक दाबला, गाडी साइडपट्टीवर उतरली आणि तांबड्या खडीत आडवी झाली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली. बाईला काही झालं नाही. पाटी मात्र रस्त्यावर, आणि बांगडे चहूकडे. ती शिव्या देईल म्हणून आम्ही तिघं मान खाली घालून उभे. तिने शिव्या दिल्या नाहीत. ती रस्त्यातच मटकन खाली बसली आणि एकेक बांगडा पदराने पुसून पाटीत ठेवायला लागली. तिचे हात थरथरत होते. माझेही. घड्याळात किती सेकंद झाले, ते मी बघितलं नाही.

भाईंना दुपारपर्यंत सगळं कळलं. ते चिडले नाहीत. दोघांच्या किल्ल्या घेऊन खिशात टाकल्या, आठ दिवस दिल्या नाहीत. नवव्या दिवशी सगळ्यांना शाळेच्या मागच्या सरळ रस्त्यावर बोलावलं. रस्त्यावर चुन्याच्या फक्कीची रेघ मारली आणि म्हणाले, "पळयतंस काय? आदी थांबवन दाखय! साठान येवा, मी हात केलंय की थांबा." आणि मला म्हणाले, "कवी, तू टेप धर."

टेपने काय सांगितलं, ते प्रत्येक गाडीवाल्याने एकदा मोजून बघावं. साठच्या वेगाने येताना समोर काही दिसलं, की ते मेंदूला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर कोरड्या चांगल्या रस्त्यावर आणखी २० मीटर. एकूण ३७ मीटर. रस्ता ओला असेल तर पन्नासच्या पुढे. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. शंभरच्या वेगाने कोरड्या रस्त्यावर एकूण अंतर ऐंशी मीटरच्या वर जातं. म्हणजे त्या बाईला वळणावरून बघितल्यावर आमच्या दोघांपैकी कुणालाच थांबता आलं नसतं. सीबीझीलाही नाही, पल्सरलाही नाही. दोघींच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. ती वाचली ती आमच्या कौशल्याने नव्हे. एका पावलाने वाचली.

टेप गुंडाळताना कोणी बोललं नाही. तो पोवाडा मी त्या रात्री चुलीत घातला.

पुढचे चार महिने वहीत या दोन गाड्यांच्या नोंदी बारकाईने करायचं भाईंनी मला सांगितलं. तुम्हांला तुलना हवी ना, मग ही घ्या, म्हणाले. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्यात उडी नाही, शेवटचा वेग नाही. चेन कितीदा ताणली, ब्रेकचे लायनर कधी बदलले, प्लग कधी साफ केला, पेट्रोल किती भरलं. आमच्या किनाऱ्यावर गाडीचा खरा वैरी दुसरी गाडी नसते, खारा वारा असतो. समुद्रावरून येणारं मीठ रात्रीत लोखंडावर बसतं, त्यावर जूनमध्ये पाऊस पडतो, त्यावर तांबडी माती चिकटते. ही तिहेरी वेटाळी कुणाचीच गाडी सोडत नाही. पावसाआधी भाई प्रत्येक गाडीला खालून जळकं ऑईल मारायचे. वही सांगते, की ज्याने चेनला दर रविवारी तेल दिलं त्याची चेन टिकली, ज्याने शर्यतीसारखा क्लच सोडला त्याच्या क्लचप्लेटा गेल्या. पानं उलटताना गाडीचं नाव झाकलं, तर कुठली नोंद कुणाची, ते मला मालकाच्या स्वभावावरून ओळखता येतं. गाडीवरून येत नाही.

आता त्या रात्रीबद्दल.

जुलै २००३. लावणीचे दिवस. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून शेजाऱ्याचा मुलगा घरीच. रात्री साडेआठच्या सुमारास आपा मागच्या खोपीत लाकडं आणायला गेली. वीज गेलेली. लाकडाखाली हात घातला आणि किंचाळली. कंदिलात बघितलं तर दीड फुटाचं फुरसं, अंगाचं वेटोळं करून खवले घासत बसलेलं. तो सरसर आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला सांगायला नको.

त्या काळी आमच्या वाडीत मोबाइल नव्हता. एकाच घरी फोन, तो पावसात बंद. १०८ नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आली २०१४ साली. रिक्षा होती ती ओढ्याच्या पलीकडे, आणि ओढ्याला पाणी. एकाने सांगितलं, मंत्र घालणाऱ्याला बोलवा. दुसऱ्याने ब्लेड आणलं. भाईंनी ते ब्लेड त्याच्या हातातून घेऊन फेकून दिलं. आपाचा हात फळीवर ओढणीने बांधला, हलू नये एवढाच, आवळला नाही. म्हणाले, "गाड्ये काडा."

भाच्याने किक मारली. एक, दोन, तीन. गाडी सुरू होईना. गाडीचा काही दोष नव्हता. त्याचा पायच लटपटत होता, किक पुरती खाली जात नव्हती. आईचा चेहरा समोर होता ना. शेजाऱ्याने पल्सरचं बटण दाबलं, गाडी लागली. त्या बटणाची किंमत मला त्या क्षणी कळली. ताकदीचा पाय नसला, तरी अंगठा असतोच. मग शेजाऱ्याने उतरून सीबीझीलाही एक किक मारली, तीही लागली.

पल्सरवर शेजारी चालवायला, मध्ये आपा, मागे मी. तिघं बसणं कायद्यात नाही, मला माहीत आहे. आम्हां तिघांना भाईंनी जुन्या लुगड्याने एकत्र बांधलं, आपाला भोवळ आली तर पडू नये म्हणून. डोक्यावर हेल्मेट कुणाच्याच नाही. भाचा सीबीझीवर पुढे. तो आम्हांला रस्ता दाखवणार. कुठे झाड पडलं आहे, कुठे मोरीवरून पाणी चाललं आहे, ते बघून मागे हात करणार. निघालो तेव्हा माझ्या घड्याळात नऊला दहा कमी होते.

श्रोतेहो, ज्या दोन गाड्यांची शर्यत मी पाच महिन्यांपूर्वी लावली होती, त्या दोन गाड्या त्या रात्री एकामागून एक, वीस पावलांचं अंतर ठेवून, तीस-पस्तीसच्या वेगाने चालल्या होत्या. पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा हाच आमचा रस्ता. एकदा भाच्याच्या हाताने वेग वाढला, तसा लाल दिवा लांब जाऊ लागला. माझ्या पुढ्यात बसलेली आपा शेजाऱ्याच्या पाठीवर मान टेकून म्हणाली, "हळू हाक रे झिला, माका पोचाचा असा." ती हे त्याला म्हणाली, की पुढे गेलेल्या पोराला, कोण जाणे. पण शेजाऱ्याने दोनदा हॉर्न दिला आणि पुढचा दिवा पुन्हा जवळ आला.

वाटेतल्या दवाखान्यात सर्पदंशावरची लस संपली होती. पुढे जा म्हणाले. हमरस्त्याजवळच्या सरकारी रुग्णालयात पोचलो, तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते. पस्तीसेक किलोमीटरला दवाखान्यातला वेळ धरून पंच्याऐंशी मिनिटं. शर्यतीच्या वेगाने हेच अंतर एकवीस मिनिटांचं. पण त्या वेगाने आम्ही मोरीपर्यंतसुद्धा पोचलो नसतो.

डॉक्टर तरुण होता. त्याने आपाच्या हिरड्या बघितल्या, रक्त येऊ लागलं होतं. त्याने थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं, नळी टेबलावर उभी करून ठेवली आणि मला विचारलं, "घड्याळ आहे ना? वीस मिनिटं मोजा. नळीला हात लावू नका." फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची शक्ती घालवतं. वीस मिनिटांनी नळी कलती केली आणि रक्त गोठलेलं नसेल, तर विष भिनलं आहे असं समजायचं. परीक्षा इतकी साधी. ती वीस मिनिटं मी त्याच काट्याकडे बघत होतो, ज्याच्यावर चार सेकंदांचा फरक मोजून मी कुणालातरी विजयी ठरवलं होतं.

नळी कलती केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. लस सुरू झाली. ही लस घोड्याच्या रक्तापासून तयार करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चारींवर एकच लस चालते. आपल्या मुंबईतल्या परळच्या हाफकिन संस्थेचं नाव या लसीशी फार जुन्या काळापासून जोडलेलं आहे. पहाटे परत नळी लावली, तेव्हा रक्त गोठलं. चौथ्या दिवशी आपा घरी आली. तिचं एक बोट थोडं वाकडं राहिलं, एवढंच.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात एक गोष्ट आली. नेपाळच्या पूर्व भागात दमक नावाचं गाव आहे. तिथल्या आसपासच्या खेड्यांत साप चावलेल्या माणसाला मोटारसायकलवर, दोघांच्या मध्ये बसवून, ताबडतोब उपचार केंद्रात न्यायची व्यवस्था गावकऱ्यांनी केली. लोकांना काय करावं आणि काय करू नये, हेही शिकवलं. त्याचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथे सर्पदंशाने मरणाऱ्यांचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आलं. हे वाचलं आणि मला आमचं लुगडं आठवलं. तिथल्या मोटारसायकली कुठल्या कंपनीच्या होत्या, याचा विचार माझ्या मनात आला नाही.

मग तुम्ही विचाराल, दोघींत सरस कुठली? बाकावरची पोरंही विचारायची. भाईंचं उत्तर असं, की बटण पल्सरला होतं आणि पंधरा अश्वशक्ती तिघांना ओढायला बरी पडली, म्हणून ओझं तिने घेतलं. सीबीझी अंगठा जरा फिरवताच उसळायची, म्हणून पुढे जाऊन, बघून, थांबून, पुन्हा सुटायचं काम तिने केलं. "दोगींपैकी एकच असती तर?" असं ते उलट विचारायचे. यावर कुणाकडे उत्तर नसायचं.

दोन्ही गाड्यांचं पुढे काय झालं, तेही सांगतो. कंपनीने पल्सरला २००३मध्ये दोन स्पार्क प्लगचं इंजिन दिलं आणि ते नाव आजही चालू आहे. जुनी सीबीझी काही वर्षांत बंद झाली. हीरो आणि होंडा हे भागीदारही पुढे वेगळे झाले. आमच्या वाडीतली सीबीझी आपाच्या मागच्या दारी फणसाखाली उभी आहे. चाकांत हवा नाही, टाकीवर गंज, पण आपा ती भंगारवाल्याला देत नाही. पल्सर शेजाऱ्याच्या थोरल्या भावाने बरीच वर्षं मासळीच्या टोपल्या बांधून चालवली. शेजारी आता तारकर्लीला पर्यटकांची होडी चालवतो. भाचा कुवेतला गेला आणि वडिलांच्या जागी लागला. भाई आता नाहीत. गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण भाच्याचा मुलगा. यंदा तो अठरा वर्षांचा झाला. हातात फोन घेऊन माझ्याजवळ बसतो आणि दोन गाड्यांची तुलना दाखवतो. अश्वशक्ती आता पंचवीस, तीस, चाळीस. चार सेकंदांच्या जागी अर्धा सेकंद. रस्ताही आता चौपदरी. पूर्वी वळणं आणि खड्डेच पोरांना थोपवायचे, आता त्यांना थोपवायला काही नाही. एक गोष्ट मात्र चांगली झाली. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जखडत नाही, गाडी आडवी व्हायचा धोका कमी होतो. भाच्याच्या कोपराची कातडी त्याने कदाचित वाचली असती. पण ब्रेक दाबायच्या आधीचा तो एक सेकंद, ते १७ मीटर, ते कुठल्याही यंत्राने अजून परत दिलेले नाहीत.

मी त्याला गाडी घेऊ नको असं म्हणालो नाही. ते म्हणायचा अधिकार मी २००३च्या फेब्रुवारीत घालवला. मी त्याला ती वही वाचायला दिली. मग शाळेच्या मागच्या रस्त्यावर नेऊन फक्कीची रेघ मारली आणि टेप त्याच्या हातात दिली. हेल्मेट मी घेऊन दिलं. त्याच्या आजीने, आमच्या आपाने, वाकड्या बोटाने त्याचा पट्टा हनुवटीखाली आवळून बघितला.

साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि १०८ला फोन करून सरळ रुग्णालय गाठा. हे जाता जाता सांगून ठेवतो, कारण पावसाळा दर वर्षी येतो.

वडिलांचं एचएमटी घड्याळ अजून चालतं. ती घड्याळं बनवणारी कंपनी २०१६ साली बंद झाली, पण मी रोज सकाळी किल्ली देतो. पोरगा संध्याकाळी गाडी घेऊन बाहेर पडला, की मी ओट्यावर बसून काट्याकडे बघतो. तो किती वेळात गेला, ते मोजत नाही. किती वाजता परत येणार म्हणाला होता, तेवढंच बघतो.